ऐकू येणारा चित्रपट

चित्रपटात काय घडते ते डोळ्यांना दिसते. त्याबद्दल काय वाटावे हे बहुतेक वेळा कानांनी ठरते. एकच शॉट घेऊन हे तपासता येते. बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीबाहेर, मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सोयाबीनचे एक वावर आहे असे धरू. शेंगा भरायचे दिवस, दुपारची वेळ. धुऱ्यावर एक माणूस पाठमोरा उभा आहे. कॅमेरा हलत नाही आणि शॉट वीस सेकंदांचा आहे. यावर वाऱ्याची सळसळ आणि लांबून टिटवीचा आवाज ठेवला, तर माणूस काम करून दोन घटका थांबला आहे असे वाटते. वाऱ्याऐवजी फवारणीच्या पंपाची घरघर ठेवली आणि ती मध्येच बंद पाडली, तर पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. बाजार समितीतल्या हर्रासाची बोली त्याच शॉटवर घातली, तर माणूस मनातल्या मनात हिशेब मांडतो आहे हे न सांगता कळते. सनई वाजवली, तर घरात लग्न निघाले आहे आणि पैसा वावरातून यायचा आहे, एवढी गोष्ट प्रेक्षक स्वतःच जुळवतो. चित्र चारही वेळा तेच असते. माणसाचा चेहरासुद्धा दिसलेला नसतो.

मुंबईच्या स्टुडिओंत चित्रपटाच्या ध्वनीचे तीन हिस्से धरतात: संवाद, इफेक्ट्स आणि संगीत. तिन्हींचे ट्रॅक शेवटपर्यंत वेगळे सांभाळले जातात. चित्रपट दुसऱ्या भाषेत डब करायचा झाला, तर संवाद काढून ठेवायचे आणि उरलेला ट्रॅक, ज्याला ‘एम अँड ई’ म्हणतात, तसाच वापरायचा, ही त्यामागची सोय. प्रेक्षकाला मात्र हे हिस्से वेगवेगळे ऐकू येत नाहीत. त्याच्यापर्यंत एकच वातावरण पोहोचते आणि ते कशाने तयार झाले याचा शोध तो घेत नाही. ध्वनीची ताकद याच दुर्लक्षात आहे. पडद्यावरची खोटी भिंत प्रेक्षक लगेच ओळखतो. खोटा पाऊस, खोटी पावले, खोटे दार तो सहज खरे मानून घेतो.

मूकपटसुद्धा मुका नव्हता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये मुंबईत गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्या काळात पडद्याशेजारी पेटी-तबलावाले बसत आणि वाचता न येणाऱ्यांसाठी पाट्यांवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला जाई. म्हणजे प्रसंगाचा भाव ज्या त्या थिएटरातल्या वादकाच्या हाती होता आणि एकच चित्रपट दोन गावांत दोन तऱ्हांनी ऐकला जाई. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि आवाज फिल्मवर कायमचा छापला गेला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत गोविंदराव टेंबे यांचे. हरिश्चंद्राची भूमिकाही टेंब्यांचीच होती. टेंबे संगीत नाटकाच्या परंपरेतून आलेले होते. सुरुवातीच्या मराठी बोलपटांत माणसे जरा मोठ्याने आणि तोलून बोलतात त्याचे कारणही रंगभूमीतच सापडते: ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा असे आणि ती सवय मायक्रोफोनपुढे आल्यावर लगेच सुटली नाही. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्यापूर्वी नटाला चित्रीकरणाच्या वेळीच गावे लागे आणि साथीदार कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर लपून वाजवत. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. दामले मुळात चित्रकलेच्या आणि यंत्रांच्या दुनियेतले. आवाज फिल्मवर उतरवण्याचे तंत्र त्यांनी हाताने शिकून घेतले.

प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेली आणि चार वर्षांनी ‘कुंकू’ आला. चित्रपटातल्या ध्वनीचा विचार मराठीत कुठवर गेला होता हे पाहायचे असेल तर आजही याच चित्रपटाकडे जावे लागते. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. तरुण नीरेचे लग्न फसवून वयस्क, विधुर वकिलाशी लावले जाते आणि ती ते लग्न मानायला ठाम नकार देते. नीरा शांता आपटे यांनी केली, वकील काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांनी आणि संगीत केशवराव भोळे यांचे. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलेच नाही. गाणी आहेत, पण ती गोष्टीतली माणसे गातात. एरवी जे ऐकू येते ते त्या घरात, त्या रस्त्यावर ऐकू येईल तेवढेच.

याचा परिणाम सोपा नव्हता. ‘कुंकू’च्या कथेत रडवायला जागा पावलोपावली आहे. एखादी सारंगी लावली असती, तर नीरा बिचारी झाली असती आणि प्रेक्षक हळहळून मोकळा झाला असता. सारंगी नाही म्हणून तिची कीव करायची सोय उरत नाही. तिचा राग रागच राहतो. उलट बाजूनेही तेच होते. काकासाहेबांना खलनायक ठरवणारे कर्कश सूरही नाहीत, त्यामुळे चूक उमगू लागलेला हा म्हातारा माणूस पाहणाऱ्याला सरसकट झिडकारता येत नाही. त्या घरातल्या लंबकाच्या जुन्या घड्याळाला जे महत्त्व येते तेही याच मोकळ्या जागेमुळे. संगीताने भरलेल्या घरात घड्याळाची टिकटिक कुणाला ऐकू गेली नसती; इथे तिच्यात काकासाहेबांचे सरत चाललेले वय ऐकू येते. जर्मनीत फ्रिट्झ लांगने 1931 च्या ‘एम’मध्ये पार्श्वसंगीत टाळले होते आणि आल्फ्रेड हिचकॉकने रूढ पार्श्वसंगीताशिवायचा ‘द बर्ड्स’ 1963 मध्ये केला. ‘कुंकू’ या दोहोंच्या मधला, 1937 चा. मराठी चित्रपटाने हे धाडस बोलपट येऊन पाचच वर्षे झाली असताना केले, याची आठवण हवी तितकी ठेवली गेलेली नाही.

पार्श्वसंगीत टाळता येते, पण ते वापरले तर नेमके काय करते? पहिली गोष्ट शरीराशी होते. लय वाढली की ऐकणारा सावध होतो, खालच्या पट्टीतला लांबवलेला एकच सूर चालू राहिला की अस्वस्थपणा येतो, आणि तो सूर अचानक थांबला की अस्वस्थपणा वाढतो. 1960 च्या ‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या खुनासाठी बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्ये वापरली. त्या वरच्या पट्टीतल्या, तुटक सुरांचा काच आजही कमी झालेला नाही. हिचकॉकला तो प्रसंग आधी संगीताविना हवा होता. हर्मनचे काम ऐकल्यावर त्याने मत बदलले.

दुसरी गोष्ट सवयीची. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वर आणि रस यांच्या जोड्या लावलेल्या आहेत: मध्यम-पंचम हास्य व शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र व अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला आणि धैवत बीभत्स व भयानकाला. चित्रपटाचा संगीतकार इतक्या काटेकोरपणे वागत नाही, पण प्रेक्षकाच्या कानांत आधीच साठलेल्या ओळखींवरच त्याचे काम चालते. संबळ वाजला की महाराष्ट्रातल्या माणसाला गोंधळ आठवतो, टाळ-मृदंगावर दिंडी आणि सनई-चौघड्यावर मांडव. ढोलकीची थाप पडली की नाचणारी दिसण्याआधीच तमाशाचा फड उभा राहतो. हलगीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण ती वरातीतही वाजते आणि अंत्ययात्रेतही. तिथे वाद्य पुरेसे सांगत नाही. ठेका किती दाट आणि किती संथ यावर सगळे अवलंबून. ही ओळख असलेला प्रेक्षक चिखलीत बसलेला असो की न्यू जर्सीत, त्याला ती समजावून द्यावी लागत नाही. ज्याला ती नाही, त्याच्यापर्यंत फक्त लय पोहोचते.

‘संत तुकाराम’ हे 1936 चे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचेच. चित्रपटातल्या एका अभंगाची रचना शांताराम आठवले यांची आहे, पण ती इतकी तुकोबांच्या वळणाची उतरली की जाणकारांनाही ती मूळ गाथेतली वाटली. संगीत आणि शब्द प्रेक्षकाच्या कानाला किती ओळखीचे असावेत याचा हा कळस. विष्णुपंत पागनीस यांचे गाणेही बैठकीच्या गाण्यासारखे सजवलेले नाही. ते भजनाच्या अंगाने जाते, बोलता बोलता सुरू होते आणि बोलण्यातच विरते.

संगीत वाढवून सांगायचे की आवरते घ्यायचे हा निर्णय दिग्दर्शक आणि संगीतकार मिळून करतात आणि मराठी चित्रपटात तो बरेचदा वाढवण्याच्या बाजूने पडतो. दुःखाच्या प्रसंगात बासरी, कटात खर्ज, विनोदात तबल्याचा तुकडा. हे ठरलेले साचे प्रसंगाला मदत करत नाहीत. प्रेक्षकाला जे दिसते आहे तेच पुन्हा सांगितले जाते आणि नटाने डोळ्यांत आणलेला संकोच किंवा संशय त्या एका सुराखाली दबून जातो.

इफेक्ट्सचे काम संगीतापेक्षा गुपचूप चालते. चित्रीकरणाच्या जागी मायक्रोफोन नटाच्या तोंडाकडे धरलेला असतो, त्यामुळे पावले, कपडे, भांडी यांचे आवाज एकतर येत नाहीत किंवा नकोसे येतात. ते नंतर स्टुडिओत, पडद्यावर चित्र पाहत, हातापायांनी नव्याने करावे लागतात. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्या नावावरून या कामाला फोली म्हणतात. फोलीच्या खोलीत जमिनीचे वेगवेगळे तुकडे असतात: माती, खडी, फरशी, लाकूड. कलाकार चपला बदलत त्यांवर चालतो, आणि चालणारी व्यक्ती थकलेली आहे की चिडलेली, हे टाचेच्या दाबातून दाखवतो. मराठी चित्रपटात याच खोलीत बांगड्या, जोडवी आणि काठापदराच्या लुगड्याची सळसळ करावी लागते. भाकरी थापतानाच्या बांगड्यांचा ठेका एकसारखा राहिला की घरात शांतता आहे; तो मध्ये अडखळला की स्वयंपाकघरातल्या बाईने बाहेरचे बोलणे ऐकले आहे. संवादाची एक ओळ वाचते.

पावलांइतकेच महत्त्व जागेच्या आवाजाला असते. प्रत्येक ठिकाणचा एक रिकामा आवाज असतो. कुणी बोलत नसतानाही तो असतोच आणि ध्वनिमुद्रक चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प उभे करून तो वेगळा टिपून घेतो. हा आवाज चुकला की प्रेक्षकाला काय चुकले ते सांगता येत नाही, पण जागेवरचा विश्वास उडतो. घाटावरच्या कोरड्या रानात कोकणच्या पावसाळी रातकिड्यांची आयती फीत लावणे हा आळस आहे, आणि तो ऐकू येतो. चिखलीच्या पहाटेत एसटीचा हॉर्न, देवळाचा भोंगा, अजान, पिठाच्या गिरणीचा पट्टा आणि लांबून येणारी मोटरपंपाची धडधड एका विशिष्ट क्रमाने आणि अंतराने येतात. तो क्रम टिपायला माणसाला पहाटे तिथे उभे राहावे लागते.

‘शोले’मध्ये ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात झोपाळ्याची करकर ऐकू येत राहते. घरातला, रोजचा, खेळाचा तो आवाज. प्रसंग जितका भयानक होतो, तितका तो आवाज आपल्या जागी निर्विकार राहतो आणि म्हणूनच असह्य होतो. इफेक्ट्स भीती निर्माण करतात ती अशी, नेहमीच्या आवाजातून. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेल्या मुलाचे एकटेपण पाऊस आणि समुद्र यांनीच मोठे केले आहे. किल्ल्यात तो एकटा मागे राहतो तेव्हा पावसाचा आवाज सगळीकडून येतो. हाक मारली तरी ती कुठवर जाणार, हा प्रश्न कुणी बोलून दाखवत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त, जो 2014 मध्ये प्रदर्शित झाला, एका आवाजाने अख्खा प्रसंग फिरवला आहे. शाळकरी जब्याचे कुटुंब गावातली डुकरे धरायच्या कामाला लागलेले आहे. शाळेच्या आसपास ही धावपळ चालते आणि बघे एखाद्या सामन्यासारखी मजा घेत ओरडत असतात. डुक्कर आता हाती लागणार, तोच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, मागोमाग घरचे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निघून जाते. राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांचे असते. एरवी ज्यांना गाव माणसात धरत नाही, ते कुटुंब तेवढा वेळ सगळ्यांच्या बरोबरीने उभे असते, आणि त्याची किंमतही तेच मोजते. इथे संगीत बाहेरून लावलेले नाही. ते गावातल्या शाळेतूनच येते आहे. त्यामुळे प्रसंगावर भाष्य करणारा कुणी दिसत नाही आणि प्रेक्षक एकाच वेळी हसतो, ओशाळतो आणि चिडतो. याच चित्रपटात जब्याचे कुटुंब घरात कैकाडी बोलते आणि बाहेर मराठी. घराच्या आतला आणि बाहेरचा आवाज बदलतो तसा त्यांच्या खांद्यांचा ताणही बदललेला दिसतो.

संवाद म्हणजे अर्थ सांगणारे शब्द, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण भाव ठरवण्यात शब्दांच्या अर्थाइतकाच त्यांच्या नादाचा वाटा असतो: आवाज कुठल्या पट्टीत, वाक्य कुठे तोडले, उत्तर किती उशिराने आले. ‘संत तुकाराम’मधली जिजाई गौरी यांनी केली. तिचे बोलणे खडे, भरभर, घरातल्या अडचणींनी भरलेले. तुकोबांचा आवाज संथ आणि सुरेल. दोघे एकाच घरात आहेत, एकमेकांवर त्यांची माया आहे, पण दोघांचे बोलणे दोन लयींत चालते. त्यांच्या संसारातला ताण समजायला आणखी काही लागत नाही. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त विजय तेंडुलकरांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावला आहे, बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेबद्दलचा. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर तो विचारतो आणि निळू फुल्यांचा हिंदूराव तो टाळतो. पहिल्यांदा तो दारुड्याचा चाळा वाटतो. पुढे पुढे तो प्रश्न उच्चारला जाण्याआधीच प्रेक्षकाला त्याची चाहूल लागते आणि हिंदूरावाच्या वाड्यातली शांतता बदलू लागते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये बोलण्याचा रूक्षपणा हेच वातावरण आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर, त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. ही भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली आणि गाणी संभाजी भगत यांची. रस्त्यावरच्या मंचावर गाणे चालू असते तेव्हा आवाजात धग असते. कोर्टात तीच गोष्ट कलमांच्या, तारखांच्या आणि न्यायाधीशाने टंकलेखकाला सांगितलेल्या वाक्यांच्या भाषेत येते. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी मजकूर एका सुरात वाचत जातात. त्यात दुष्टपणा नाही, घाई आहे, सवय आहे. पार्श्वसंगीत लावून इथे अन्यायाची जाणीव करून दिली असती, तर ती हलकी झाली असती. माणसाचे आयुष्य ज्या आवाजात निकालात निघते, तो आवाज किती साधा असतो हे ऐकवणे या चित्रपटाला जमले आहे.

बोलीचा प्रश्न याच्या पुढचा आहे आणि तो चिखलीसारख्या गावाच्या थेट जवळचा आहे. बुलडाणा जिल्ह्यातला माणूस आपला जिल्हा ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असा सांगतो. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. खामगाव, मलकापूर, शेगाव घाटाखाली. घाटाखालची वऱ्हाडी अधिक ठसठशीत, घाटावर तिला जालन्याकडच्या मराठवाडी बोलीचा वारा लागतो. ‘मले-तुले’, ‘जाऊन राहिला’ असली रूपे कागदावर उतरवणे सोपे असते. अवघड असते ते वाक्याच्या शेवटी लांबणारा स्वर, मधली मोकळी जागा आणि गंभीर गोष्टही सहज टाकून देण्याची ढब पकडणे. मुंबई-पुण्याकडच्या चित्रपट-मालिकांनी ही बोली फार काळ हशासाठी वापरली. परिणामी वऱ्हाडी वाक्य कानी पडताच प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो, आणि त्या बोलीत रडणाऱ्या माणसावर त्याने अन्याय केलेला असतो.

सतीश मनवर यांच्या 2009 च्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने ही तयारी मोडून काढली. विदर्भातल्या एका लहान शेतकऱ्याची, किसनाची, ही गोष्ट. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर किसनाच्या बायकोला, अलकाला, नवऱ्याची धास्ती बसते. ती पोराला बापाच्या मागावर ठेवते, चांगलेचुंगले करून घालते, आणि किसनाला यातले काही कळत नाही. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांच्या बोलण्यात हसू आणि भीती शेजारी शेजारी येतात. बोली तीच, तिच्यातला विनोदही तोच, पण त्याच्या खाली अलकाचा कान सतत दाराकडे लागलेला आहे. नवरा जरा वेळ दिसला नाही की घरातली शांतता बदलते. वऱ्हाडी बोलणारा प्रेक्षक हे पाहताना स्वतःचेच घर ऐकतो.

बोलण्याचा हा बारकावा टिकण्यासाठी तो जागेवरच टिपलेला असावा लागतो. सुरुवातीच्या बोलपटांनंतरच्या दशकांत बाहेरच्या चित्रीकरणाचे प्रमाण वाढले आणि कॅमेऱ्यांचा आवाज मोठा होता, त्यामुळे संवाद नंतर स्टुडिओत ओठांशी जुळवून डब करण्याची रीत पडली. उन्हात, वावरात उभा असलेला नट बोलतो तेव्हा त्याचा श्वास वेगळा असतो. तोच महिन्यांनी गार खोलीत काचेमागे उभा राहून बोलतो तेव्हा वेगळा. डबिंगमध्ये शब्द स्वच्छ येतात आणि श्वास हरवतो. ‘लगान’ने 2001 मध्ये जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे सिंक साउंडचा, आग्रह मोठ्या व्यावसायिक चित्रपटात यशस्वी करून दाखवला, ते काम नकुल कामटे यांचे. त्यानंतर मराठीतही ही पद्धत वाढली. ‘कोर्ट’मध्ये अभिनयाचा अनुभव नसलेली अनेक माणसे आहेत. त्यांचे बोलणे डब करून घेणे म्हणजे ते मारून टाकणेच झाले असते.

आता उरते शांतता. ती चौथा हिस्सा नाही, उरलेल्या तिघांच्या अनुपस्थितीचा निर्णय आहे. पूर्ण नीरवता चित्रपटात क्वचितच वापरतात, कारण थिएटरात सगळेच आवाज थांबले तर प्रेक्षकाला प्रथम यंत्र बिघडल्याची शंका येते. शांत प्रसंगातही पंखा, वारा, लांबचे कुत्रे असे काहीतरी ठेवलेले असते. 29 एप्रिल 2016 रोजी आलेल्या ‘सैराट’ने हा नियम शेवटी मोडला. त्याच्या परिणामाचे मूळ पूर्वार्धात आहे. अजय-अतुल यांनी गाण्यांसाठी अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये, सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याच्या बाजूच्या खेडवळ, उन्हाळी प्रेमाला इतका भव्य आवाज मराठीत आधी मिळाला नव्हता आणि गावोगावच्या थिएटरांत लोक उठून नाचले. प्रेमी जोडपे हैदराबादला पळून गेल्यानंतर हे संगीत ओसरते. झोपडपट्टी, नोकरी, भांडण, मूल असे साधे आवाज येऊ लागतात. शेवटी त्यांचा लहानगा घरात शिरतो आणि रक्तात पडलेले आईबाप पाहतो. तेव्हा ध्वनी काढूनच घेतलेला असतो. मूल रडताना दिसते, त्याचे रडणे ऐकू येत नाही. पूर्वार्धात संगीत एवढे उदंड नसते, तर या शांततेला एवढे वजन आले नसते. संगीतकार आणि दिग्दर्शक यांनी मिळून केलेला हा तीन तासांचा हिशेब आहे.

हे सगळे हिस्से एकत्र बसवण्याच्या कामाला रि-रेकॉर्डिंग किंवा मिक्सिंग म्हणतात आणि या कामातले एक मोठे नाव मराठी आहे: मंगेश देसाई. परळमधला राजकमल कलामंदिर हा स्टुडिओ शांतारामांनी प्रभात सोडल्यावर 1942 मध्ये उभारला आणि देसाई तिथले रि-रेकॉर्डिस्ट. ‘शोले’चे मिक्सिंग त्यांचे, श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांचे त्यांचे, आणि सत्यजित राय यांनीही आपल्या चित्रपटांसाठी त्यांच्यावर भरवसा टाकला. त्या काळी फिल्मचे एक रीळ सुमारे 11 मिनिटांचे असे आणि सुरुवातीच्या यंत्रांवर मिक्सिंग करताना चूक झाली तर रीळ पहिल्यापासून पुन्हा करावे लागे. संवाद, पावले, वारा, गाडी, व्हायोलिन असे वेगवेगळे ट्रॅक एकाच वेळी चालू असत आणि बोटांनी त्यांची पातळी वरखाली करत जायचे. संवादाखाली संगीत किती उतरवायचे, आणि संवाद संपताक्षणी ते वर आणायचे की एक श्वास थांबायचे, हे त्या बोटांतून ठरे. आज संगणकावर प्रत्येक क्षण हवा तितक्या वेळा दुरुस्त करता येतो. तो श्वास कुठे घ्यायचा हे मात्र अजूनही कानानेच ठरवावे लागते.

मिक्सिंगनंतरचा प्रवास स्टुडिओच्या हातात राहत नाही. चित्रपटगृहाची पातळी ठरवून दिलेली असते. डॉल्बीच्या यंत्रावर ती 7 या आकड्याशी जुळते आणि मिक्सिंगची खोलीही त्याच मापाने बांधलेली असते. पण जाहिराती कर्कश असल्या की तक्रारी येतात आणि ऑपरेटर बटण खाली आणतो. मग मूळ चित्रपट लागतो तेव्हा हळू आवाजातली कुजबुज, अंगणातला वारा, दूरचा भोंगा आधी नाहीसे होतात. गाणी आणि मारामाऱ्या तेवढ्या शाबूत राहतात. पत्र्याच्या छताच्या थिएटरात पावसाळ्यात हे आणखी बिघडते, कारण छतावरचा पाऊस आणि चित्रपटातला पाऊस एकमेकांत मिसळतात.

मोबाइलवर पाहणाऱ्यांचे नुकसान वेगळ्या जातीचे आहे. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज जवळपास निघतच नाही, त्यामुळे ढोल किंवा खालच्या सुरातली धास्ती तिथे पोहोचत नाही. ओटीटी कंपन्या म्हणून थिएटरच्या मिक्सिंगवर भागवत नाहीत. घरातल्या ऐकण्यासाठी वेगळे मिक्सिंग मागतात. नेटफ्लिक्सने तर संवादाची सरासरी पातळी उणे 27 एलकेएफएस, दोन एकक इकडे-तिकडे, अशी बांधून दिली आहे. अशा मिक्सिंगमध्ये संवाद मध्ये धरून पाऊस, वारा आणि संगीत त्याच्या भोवती आवळून आणले जाते. मिठाईच्या दुकानाच्या बाहेर उभे राहून पाहणाऱ्यालाही शब्द कळावा, ही त्यामागची गरज. थिएटरसाठी जिथे पाऊस माणसापेक्षा मोठा ठेवलेला असतो, तिथे फोनसाठी तो माणसाच्या मागे न्यावा लागतो. कानाला हेडफोन लावून एका शांत खोलीत पाहिले, तर यातले बरेचसे परत मिळते: चुलीशेजारच्या बांगड्या, दाराबाहेरची पावले, आणि उत्तर देण्याआधी नटाने घेतलेला श्वास.